नुसतं बोलायचे पैसे?

"मॅडम, गोळी न्हाई, सुई न्हाई, मग फी कसली?" सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न पेशंट सहसा विचारत नाही, त्याच्यासोबत आलेला विचारतो. लग्नाच्या पंगतीत तोच जरा सभ्यपणे येतो: "म्हणजे तुम्ही फक्त बोलता ना?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

गोळी मी देत नाही, कारण तो अधिकार मला नाही. ते काम मनोविकारांच्या डॉक्टरांचं, म्हणजे सायकिअ‍ॅट्रिस्टचं. मी मानसशास्त्रात एमए केलं, मग दोन वर्षं हॉस्पिटलात राबून क्लिनिकल सायकॉलॉजीत एमफिल, आणि १९९२ च्या कायद्याखाली भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी. हा नोंदणी क्रमांक विचारत जा. काहींच्या भिंतीवर चार सर्टिफिकेटं असतात, नेमकं नोंदणीचंच नसतं.

आता बोलण्याचं. एक हळदीचे व्यापारी होते (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). दुकान बंद केलं की कुलूप ओढून बघायचे, घरी पोचेपर्यंत तीनदा माघारी. मुलाला वाटलं, बाबांना विसरायला होतंय. तसं नव्हतं. कुलूप लावल्याचं त्यांना लख्ख आठवायचं, फक्त खात्री वाटायची नाही. हा ओसीडी: मनात तीच शंका परत परत येते आणि ती शमवायला माणूस तीच कृती परत परत करतो. कुलूप ओढलं की जीव भांड्यात पडतो, पण मन शिकतं ते भलतंच: ओढलं म्हणून वाचलो. म्हणजे उद्या परत ओढणं आलं. समजावून काही होत नाही. मुलगा दोन वर्षं समजावतच होता.

यावर जी पद्धत आहे, ती व्हिक्टर मेयर यांनी १९६६ मध्ये लंडनमधल्या दोन पेशंटवरून मांडली. भीती वाटेल तिथे उभं राहायचं आणि नेहमीचा उपाय करायचा नाही. तयारीच्या काही बैठका झाल्यावर एका संध्याकाळी आम्ही मार्केट यार्डात त्यांच्या शटरसमोर उभे राहिलो. कुलूप एकदाच लावलं, हात खिशात. भीतीला शंभरपैकी आकडा द्यायचा.

"९०."

पाच मिनिटांनी ९५. कपाळावर घाम. "लागलंय ना हो मॅडम?" मी गप्प. एक हमाल थांबून म्हणाला, "किल्ली हरवली काय?" काकांनी सातव्यांदा विचारलं, मी सातव्यांदा गप्प. "लागलंय, काळजी करू नका" एवढं म्हटलं असतं, तर कुलूप त्यांच्याऐवजी मीच ओढल्यासारखं झालं असतं. ओठांवर आलेलं ते वाक्य गिळायला मला शिकावं लागलंय, आणि ते अजूनही जड जातं. पाऊण तासानं आकडा ५५ वर आला. मग चालत रिक्षापर्यंत, मागं न बघता.

काहींना याच्या जोडीला गोळ्याही लागतात, तेव्हा मी सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवते. काकांना लागल्या नाहीत. घरी मात्र मुलाला बजावलं होतं, बाबांनी कितीही विचारलं तरी "लागलंय" म्हणायचं नाही.

शेवटच्या दिवशी फी मोजताना तो म्हणाला, "मॅडम, गप्प बसायचे तुम्ही पैसे घेतलात. मी घरी फुकट बसलो."