हॅमरफेस्टचा स्तंभ

नॉर्वेच्या उत्तर टोकावरील हॅमरफेस्ट येथे बसमधून उतरलो, तेव्हा पाऊस आडवा लागत होता आणि छत्रीचा काही उपयोग नव्हता. बंदराला वळसा घालून फुग्लेनेस या भूशिरावर पोहोचलो. तिथे ग्रॅनाइटचा एक स्तंभ उभा आहे आणि त्याच्या माथ्यावर पितळी रंगाचा पृथ्वीचा गोल आहे. स्ट्रूव्ह चापाचे, म्हणजे एकोणिसाव्या शतकात पृथ्वी मोजण्यासाठी आखलेल्या उत्तर-दक्षिण रेषेचे, हे उत्तरेकडील टोक. दुसरे टोक थेट काळ्या समुद्राजवळ, आजच्या युक्रेनमध्ये. दोहोंमधील अंतर सुमारे 2820 किलोमीटर असून, पृथ्वीचा नेमका आकार व माप ठरवण्यासाठी ते 258 मुख्य त्रिकोणांच्या साखळीने मोजले गेले. जमिनीवर फक्त काही पायारेषा, म्हणजे आधाराच्या सरळ रेषा, काटेकोर मोजायच्या, पुढे टेकडीवरून टेकडीकडे पाहत कोन मोजत जायचे आणि बाकीची अंतरे त्या त्रिकोणांवरून गणिताने काढायची, अशी ही पद्धत.

मला मात्र गणितापेक्षा परवानगीचे नवल वाटते. चार दिवसांपूर्वी फिनलंडमधील अलातोर्निओ चर्च पाहिले होते. त्याचा मनोरा याच साखळीतला एक बिंदू आहे. 1809 साली युद्ध हरून स्वीडनने फिनलंड रशियाला दिला आणि तिथली नदीच सीमा झाली. मोजणीदार उंचावर चढतो, दूरवर पाहतो आणि सगळे टिपून ठेवतो. हेराचे कामही याहून फारसे वेगळे नसते. तरीही काही दशकांतच दोन्ही दरबारांनी एकच साखळी सीमेपलीकडे नेऊ दिली. आजच्या एस्टोनियातील तार्तू वेधशाळेचे खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्ह यांच्याइतकेच रशियन लष्करी अधिकारी टेनर, स्वीडनचे सेलांडर आणि नॉर्वेचे हान्स्टीन यांचेही हे काम आहे. तेव्हा ही रेषा रशिया आणि एकाच राजाखालील स्वीडन-नॉर्वे, अशा दोनच सत्तांच्या मुलखातून जात होती. आज ती दहा देशांतून जाते, आणि 2005 साली तिच्यावरील 34 बिंदूंना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तोही या दहा देशांनी मिळून मागितल्यावर.

चष्म्यावरचे पाणी पुसत कोरीव मजकूर वाचला. तो लॅटिन आणि नॉर्वेजियन भाषांत आहे. राजा ऑस्कर पहिला, सम्राट अलेक्झांडर पहिला आणि निकोलस पहिला यांच्या आज्ञेने, 1816 ते 1852 अखंड श्रम करून ‘तीन राष्ट्रांच्या भूमापकांनी’ ही मोजणी केली, असे त्यात म्हटले आहे. राजांची नावे आहेत, स्ट्रूव्ह यांचे नाही. खाली अक्षांश दिला आहे: 70 अंश 40 मिनिटे 11.3 सेकंद. त्या शेवटच्या दशांशाचे जमिनीवरचे मोल सुमारे तीन मीटर, म्हणजे स्तंभापासून मी उभा होतो तेवढेच.