पी 0299 पुन्हा, आणि या वेळी धुपानेही फसवलं

मंडळी, माझ्या डिझेल गाडीचा ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) धुतला, मॅफ (आत येणारी हवा मोजणारा सेन्सर) साफ केला, विषय संपला, असं मागच्या वेळी मोठ्या तोंडाने लिहिलं होतं. चौथ्याच दिवशी खंबाटकीचा चढ, तिसरा गिअर, पुढे कंटेनर. पाय दाबला आणि गाडीने मान टाकली. पिवळा दिवा, मागे काळा धूर, लिंप मोड (इंजिन स्वतःच ताकद कमी करतं). कोड तोच पी 0299, अंडरबूस्ट, म्हणजे टर्बोचा दाब मागणीपेक्षा कमी.

घरी येऊन ईएलएम 327 (गाडीचे कोड आणि आकडे वाचणारा अडॅप्टर) लावला. इंजिन बंद, चावी ऑन, मॅप (इनटेकमधला दाब मोजणारा सेन्सर) 95 किलोपास्कल. पुण्याच्या उंचीला एवढाच यायला हवा, म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही. मग रिकाम्या रस्त्यावर लॉग घेतला. 2,500 आरपीएमला मागणी 210 किलोपास्कलची, मिळतायत 160. मॅफ मात्र भरपूर हवा दाखवतोय! इथे मी कपाळावर हात मारला. ईजीआर उघडा अडकला असता तर ताज्या हवेची जागा धुराने खाल्ली असती, मॅफ कमी दिसला असता. व्हीजीटीचे (टर्बोतले हलते) व्हेन अडकले असते तरी मॅफ पडलाच असता. मॅफ जास्त, मॅप कमी म्हणजे हवा मोजून आत येतेय आणि टर्बोच्या पुढे कुठेतरी निसटतेय. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) बिचारा मोजलेल्या हवेच्या हिशोबाने डिझेल सोडतो, म्हणून तो काळा धूर. हे दोन आकडे पहिल्याच दिवशी शेजारी-शेजारी ठेवले असते तर ईजीआरच्या डांबरात दोन रविवार गेले नसते. (तरी खरवडून अर्धी वाटी काजळी निघाली, त्याचं सुख वेगळंच.)

पाइपांत धूर भरून गळती शोधायच्या स्मोक मशीनवर पैसे घालायचे नव्हते. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत निखाऱ्यावर धूप, सायकलचा पंप आणि एअर फिल्टरकडच्या पाइपाला पीव्हीसीची एंड कॅप. आई म्हणाली, "गाडीला दृष्ट लागलीय का रे?" पार्किंग घमघमलं, पण धूर कुठूनही बाहेर येईना.

दोन दिवस डोकं चालेना. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) उतरवायच्या बेतात होतो, तेव्हा उजाडलं की पंपाची फुंकर कुठे आणि एक बारच्या वरचा बूस्ट कुठे! टर्बोच्या आउटलेटपासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा भाग दोन्हीकडून बंद केला, हवेच्या कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावला आणि हळूहळू 0.8 बारवर नेला. (कॅप नीट आवळा आणि तोंड समोर नेऊ नका. माझी एक सुटून भिंतीवर आपटली.) भांड्यांच्या साबणाचं पाणी फवारलं. तरीही काही नाही. वैतागून टॉमीने (लोखंडी पहारीने) इंजिन जरा उचललं, आणि गरम बाजूच्या, म्हणजे टर्बो ते इंटरकूलरच्या होझखालून फस्स! फेसच फेस.

आरसा घालून पाहिलं. क्लिपच्या काठाला, खालच्या अंगाला दीड इंचाची आडवी चीर. इंजिन स्थिर असताना मिटलेली, ताण आला की जबडा उघडणार. तिथे तेलकट माती चिकटली होती, ती मी मागेच पाहिलेली. पाहून काय केलं? फडक्याने पुसली. पुरावा स्वतःच साफ केला!

ही होझ आठ महिन्यांपूर्वीच नाना पेठेतून आणलेली, स्वस्तातली निळी सिलिकॉन. आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर नसेल तर ब्लोबायच्या (पिस्टनजवळून निसटणाऱ्या वायूंसोबत येणाऱ्या) तेलाने ती मऊ पडते आणि स्क्रूची क्लिप तिला खाते. दिसायला झकास, बाकी काही नाही. आता साधी रबरी आणि स्प्रिंग क्लिप मागवलीय. तोवर चिरेचा भाग कापून उरलेली होझ ओढून बसवली. कात्रजच्या नव्या बोगद्याकडच्या चढाला मॅप 208! टर्बोची शिट्टी ऐकायला काच खाली करून दोनदा गेलो.

पुढचा बेत इनटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारा भाग) उतरवून कार्बन काढायचा होता. पण हे लिहिता लिहिताच खटकलं. त्याआधीची रबरी होझही इथेच फाटली होती. दोन वेगळ्या मालाच्या होझ आणि एकच जागा? आणि टॉमीने इंजिन इतकं सहज हललंच कसं?

आत्ता खाली जाऊन आलो. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, धाकट्याला क्लचवर बसवलं आणि पहिला-रिव्हर्स करायला लावलं. इंजिन पाळण्यासारखं झुलतंय. खालच्या टॉर्क माउंटचं (इंजिनाला झुलू न देणाऱ्या आधाराचं) रबर सुटलंय, फटीत करंगळी जाते.

तेव्हा मॅनिफोल्ड राहू दे. आधी माउंट, आणि ते बसेपर्यंत नवी होझ पुडक्यातच. माउंटमध्ये रबराऐवजी पॉलियुरेथेनचं बुश कोणी टाकलंय का? आयडलला स्टिअरिंग किती थरथरतं, तेवढं सांगा, मग ऑर्डर करतो.