धक्का कौन्सिलचा, भिंत बेटाची

स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी बेटांवरच्या धक्क्यांची पाहणी करण्यासाठी मी कंत्राटी अभियंता म्हणून काही महिने काम केले. त्यातला नॉर्थ रोनाल्डसे बेटावरचा दिवस माझ्या चांगला लक्षात राहिला आहे.

सकाळी ऑर्कनीचे मुख्य शहर कर्कवॉल इथून आठ आसनी विमानाने मी वीसेक मिनिटांत तिथे पोहोचलो. बोटीला अडीच तासांहून अधिक लागतात. बोटी लागतात तो धक्का कौन्सिलचा, म्हणजे बेटांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक संस्थेचा, त्याला लागणारी बोट कौन्सिलची आणि विमान उतरले ती धावपट्टीही कौन्सिलचीच. १९७५ साली उर्वरित स्कॉटलंडात प्रदेश आणि जिल्हा असा दुहेरी कारभार सुरू झाला, पण ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिमेकडील बेटांना एकेकच कौन्सिल मिळाले. ऑर्कनीत आज २१ सदस्य, बहुतेक अपक्ष, शाळांपासून बंदरांपर्यंत सगळे पाहतात. बाराव्या शतकातले सेंट मॅग्नस कॅथीड्रलसुद्धा त्यांच्याच देखभालीत आहे.

इथल्या बोटीतून मोटार थेट धक्क्यावर चालवत आणता येत नाही, ती क्रेनने उचलून ठेवावी लागते, त्यामुळे धक्क्याच्या कडेला सतत हादरे बसतात. हातोडीने काँक्रीट ठोकत, पोकळ आवाज येईल तिथे खडूने खूण करत मी निम्मा धक्का संपवला, तोच समुद्रावरून दाट धुके आले. त्याला तिथे ‘हार’ म्हणतात. हातभर अंतरावरचे दिसेना. परतीचे विमान रद्द झाले.

सकाळी धावपट्टीवर अग्निशमनाच्या गणवेशात उभे असलेले गृहस्थ आता साध्या कपड्यांत आले आणि, रिकामाच असशील तर दगड उचलायला चल, म्हणाले. बेटाभोवती किनाऱ्यालगत सुमारे २० किलोमीटरची दगडी भिंत आहे, चुना-सिमेंट काही नाही. मेंढ्या भिंतीच्या समुद्राकडच्या बाजूला राहतात आणि मुख्यतः समुद्रशेवाळ खाऊन जगतात. आतली जमीन पिकांसाठी आणि गुरांसाठी. वादळात भिंत ढासळते आणि पुन्हा रचावी लागते. मी मोठ्या ऐटीत एक दगड बसवला. त्यांनी तो काही न बोलता काढला, फिरवला, पुन्हा ठेवला. मग तो हलेना.

ही भिंत कौन्सिलकडे आहे का, असे मी विचारले, तेव्हा ते हसले. मेंढ्या कुणी किती ठेवायच्या आणि भिंत कशी राखायची, हे बेटावरचे ‘शीप कोर्ट’, म्हणजे बेटवासीयांची मेंढ्यांसाठीची समिती, ठरवते आणि त्याचे नियम १८३९ सालचे आहेत, म्हणजे कौन्सिलच्या कितीतरी आधीचे. मला आमच्या गावचा कोंडवाडा आठवला. शेतात शिरलेले जनावर ग्रामपंचायत आत कोंडायची आणि दंड भरल्यावरच सोडायची. इथे उलट कळपच बहुतेक काळ बाहेर ठेवलेला. अर्थात, लोकरीच्या वेळी त्याच मेंढ्या हाकत आणून भिंतीलगतच्या दगडी वाड्यांत कोंडतात, तेव्हा बेटावरची बहुतेक माणसे मदतीला येतात.

दुसऱ्या दिवशी धुके विरल्यावर उरलेला धक्का तपासून मी परतलो. अहवालात आदल्या दुपारच्या चार तासांपुढे ‘हवामानामुळे काम बंद’ असे लिहिले.