टेबल नसलेल्या घरातली शुश्रूषा

आपल्या नर्सिंग संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मॅडमांवर लेख असायलाच हवा होता. स्वतःचे नाव छापायला त्यांनी मनाई केली आहे, पण इथून शिकून गेलेल्या कुठल्याही सिस्टरला ते सांगावे लागणार नाही. 'कम्युनिटी'च्या, म्हणजे सामुदायिक आरोग्य परिचर्या शिकवणाऱ्या मॅडम म्हटले की पुरे.

त्या काळी जनरल नर्सिंग झालेल्या हुशार मुली मोठ्या इस्पितळातली, शक्यतो ऑपरेशन थिएटरची जागा बघत. मॅडमांनी प्राथमिक आरोग्य केंद्र मागून घेतले. पब्लिक हेल्थ नर्स म्हणून उपकेंद्रांवरच्या एएनएमच्या (गावपातळीवरच्या परिचारिका-सुईणींच्या) कामाची देखरेख केली. मग पोस्ट बेसिक बीएस्सी, सामुदायिक आरोग्य परिचर्येत एमएस्सी, आणि पुढे ट्यूटर, लेक्चरर, प्राध्यापक. पद वाढत गेले तरी शिकवताना त्यांच्या डोळ्यांसमोर उपकेंद्रच असे. सपाट भागात साधारण ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तिथे शेजारी सीनियर सिस्टर नसते, खालच्या मजल्यावर प्रयोगशाळा नसते, चूक झाली तर ती पकडणारे कुणी नसते. म्हणून खेड्यातल्या नर्सचा हात वॉर्डातल्या नर्सपेक्षा जास्त अचूक हवा, असे त्या ठासून सांगत. ग्रामीण नर्सिंग म्हणजे दुय्यम नर्सिंग, हा समज त्यांनी आमच्या वर्गात टिकू दिला नाही.

बॅग टेक्निक, म्हणजे गृहभेटीची बॅग जंतू न पसरवता वापरण्याची पद्धत, सगळीकडे डेमॉन्स्ट्रेशन रूममध्ये टेबलावर शिकवतात. मॅडम ते जमिनीवर घेत. बॅग कुठे ठेवायची, हा पहिला प्रश्न. चुलीपासून आणि रांगत्या पोरापासून लांब, कोरडी जागा बघायची. आधी वर्तमानपत्र, त्यावर प्लॅस्टिकचे कापड, त्यावर बॅग. पहिल्यांदा उघडायची ती फक्त साबण, नखांचा ब्रश आणि नॅपकिन काढायला, आणि लगेच बंद करायची. घरात नळ नसतो, तेव्हा घरातल्या कुणाला तरी तांब्याने वरून धार धरायला सांगायचे. बादलीत हात बुडवायचे नाहीत. मग ॲप्रन, आणि मगच धुतलेल्या हातांनी लागणारे सगळे सामान एकदम बाहेर. काम संपेपर्यंत बॅगेत हात जाता कामा नये. गडबड इथेच होते. थर्मामीटर काढायचा राहतो, आणि जखम पुसलेल्या हाताने बॅग उघडली जाते. त्या घरातले जंतू पुढच्या घरी आपणच नेतो. शेवटी उपकरणे स्वच्छ करून, हात पुन्हा धुऊन सामान आत, आणि जमिनीला टेकलेली बाजू आत करून कागदाची घडी.

गृहभेटींचा क्रमही याच कारणाने ठरलेला. आधी नवजात बाळ आणि बाळंतीण, मग गरोदर बाया, मग बाकीची मुले. खोकल्याचे, क्षयाचे, पिकलेल्या जखमांचे आणि खरजेचे रुग्ण सर्वांत शेवटी. रस्त्यात क्षयरुग्णाचे घर आधी लागत असले तरी ते ओलांडून पुढे जायचे आणि परतताना थांबायचे.

पण मॅडमांची खरी कसोटी साहलीच्या एचबीला, म्हणजे रंग जुळवून रक्तातले हिमोग्लोबिन मोजण्याच्या जुन्या पद्धतीला लागे. वाचताना सोपे वाटते: नळीत खालच्या खुणेपर्यंत एन बाय टेन (सौम्य) हायड्रोक्लोरिक ॲसिड, पिपेटने २० घनमिलिमीटर रक्त, दहा मिनिटे थांबायचे, मग थेंब थेंब डिस्टिल्ड वॉटर घालत काचकांडीने ढवळायचे आणि बाजूच्या तपकिरी काचेशी रंग जुळला की आकडा वाचायचा. यातली प्रत्येक पायरी चुकू शकते. थंडीत रक्त येत नाही म्हणून बोट पिळले, तर रक्ताबरोबर पेशींमधले पाणी येते आणि आकडा खोटाच खाली जातो. त्याऐवजी हात चोळून गरम करावा, बोटाच्या कडेला नीट खोल टोचावे आणि पहिला थेंब पुसून टाकावा. पिपेटला बाहेरून लागलेले रक्त पुसले नाही तर आकडा वर जातो. हवेचा बुडबुडा शिरला तर खाली. दहा मिनिटांऐवजी तीन मिनिटांतच रंग जुळवला तर ॲसिड हिमॅटिन, म्हणजे रक्त आणि ॲसिडचा तपकिरी रंग, पुरते तयार झालेले नसते, म्हणजे पुन्हा खोटा कमी आकडा. रंग बघायचा तो दिवसाच्या उजेडात, नळीच्या खुणा बाजूला फिरवून आणि काचकांडी द्रवातून वर घेऊन.

एवढी काटेकोरी कशाला, असे नव्या मुलींना वाटे. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय आणि ७ च्या खाली तीव्र रक्तक्षय. साडेसहाची बाई हातून साडेसात म्हणून गेली, तर ती गोळ्या घेऊन घरी बसते आणि बाळंतपणात थोड्याशा रक्तस्रावानेही जिवावर बेतते. उलट, धडधाकट बाईला विनाकारण तालुक्याला पाठवले की तिची मजुरी बुडते आणि पुढच्या वेळी ती सिस्टरचे ऐकत नाही. मॅडम दोन्ही चुका सारख्याच गंभीर धरत. मला हे फार मोलाचे वाटते, कारण दुसऱ्या चुकीबद्दल पुस्तके सहसा काही सांगत नाहीत.

लोहाच्या गोळ्यांचेही तसेच. दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी, चहा-दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. शौचाला काळे होईल हे आधीच सांगायचे, नाहीतर घाबरून चौथ्या दिवशी गोळ्या फडताळात जातात. घरी गेल्यावर पाकीट मागून रिकाम्या जागा मोजायच्या, रागवायचे नाही.

लघवीतले अल्ब्युमिन (प्रथिन) तपासताना नळी पाऊण भरून फक्त वरचा भाग तापवायचा, म्हणजे खालच्या नितळ भागाशी तुलना होते. गढूळपणा आला की लगेच 'पॉझिटिव्ह' लिहायचे नाही. ॲसेटिक ॲसिडचे काही थेंब टाकायचे. विरघळला तर फॉस्फेट, राहिला तर अल्ब्युमिन, आणि मग रक्तदाब तेव्हाच्या तेव्हा पुन्हा मोजायचा.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ गावांत घरीच नवजात बाळांची काळजी घेण्याचे काम गावातल्याच बायांना शिकवले, आणि १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले: तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यूदर तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे ६२ टक्क्यांनी कमी. मॅडमांनी ते वर्गात ओळ न् ओळ शिकवले. पुढे आशांच्या (गावातल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या) गृहभेटी सुरू झाल्या: दवाखान्यात बाळंतपण झाले तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, घरी झाले तर पहिल्या दिवशीही. त्यात मॅडमांचा सगळा जोर श्वास मोजण्यावर. बाळ शांत हवे, पीत असताना किंवा रडत असताना मोजू नये, झबले वर करून पोटाची हालचाल बघावी आणि पूर्ण ६० सेकंद मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणे त्यांना अजिबात चालत नसे, कारण तान्ह्याचा श्वास मुळातच अनियमित असतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त भरले तर पुन्हा एकदा मोजायचे. तेवढेच आले की रेफर.

त्यांच्या प्रात्यक्षिकाच्या तक्त्याला दोन रकाने असत: डावीकडे पायरी, उजवीकडे ती गाळली तर काय होते. उजवा रकाना विद्यार्थिनीने स्वतः भरायचा. डावा पाठ करून आलेली मुलगी पास होत नसे.

निवृत्तीनंतर मॅडमांनी हे तक्ते संस्थेच्या कम्युनिटी लॅबला दिले. खिडकीजवळच्या कपाटात आहेत, कुणीही बघू शकते. साहलीची जागा आता डिजिटल मीटरने घेतली, तेव्हा त्यांनी नवे पान जोडले. त्यात उजव्या रकान्याच्या पहिल्या ओळीत आहे: रक्त तपासायच्या पट्ट्यांच्या डबीचे झाकण उघडे राहिले की पावसाळी हवेने पट्ट्या खराब होतात, आणि मीटर तरीही आकडा दाखवू शकतो.