रिंग सोळावर, पात्या दोनवर

एका पोरानं माझ्याकडे दुरुस्तीला आणलेला कॅमेरा पेन्टॅक्स के १०००, त्यावर ५० एमएमची एफ २ लेन्स, आत कोडॅक गोल्ड २०० चा फिल्म रोल. राजहंसगडावर भर उन्हात काढलेले फोटो दुधाळ आणि दाणेदार, आणि त्याच रोलमधले गोकाकच्या धबधब्याचे मात्र व्यवस्थित.

"काका, रोल जुना हुता म्हणूलालेत लॅबवाले," पोरानं मोबाईल पुढे केला. स्कॅन बघून मी निदान करत नाही. स्कॅनर आपल्या मनानं उजेड सावरतो आणि पुरावा पुसून टाकतो. नशीब, निगेटिव्ह लॅबमध्येच पडून होती. हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवले की काम संपलं, असं समजणारेच जास्त.

लाइट बॉक्सवर पट्टी ठेवली. कडेचे आकडे नेहमीसारखेच गडद होते, म्हणजे डेव्हलपिंग ठीक. दोन फ्रेममधली जागा स्वच्छ, म्हणजे रोल जुना होऊन धुरकटलेलाही नाही. गडावरच्या फ्रेम मात्र काळ्याकुट्ट, म्हणजे उजेड जास्त पडलेला. पोरानं शटर सेकंदाच्या १/२५० वर आणि लेन्सचं छिद्र एफ १६ वर लावलं होतं (एफचा आकडा मोठा, तेवढं छिद्र लहान). २०० च्या फिल्मला कडक उन्हात हेच लावायचं. त्याच्याकडून काहीच चुकलं नव्हतं.

मग जास्तीचा उजेड आला कुठून? शटर आणि अ‍ॅपर्चर (म्हणजे लेन्समधल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं छिद्र) दोघंही उजेडच मोजून देतात, पण प्रत्येकाची आणखी एक खूण फिल्मवर उमटते. शटर रेंगाळलं तर हलती वस्तू फरकटते. भिंगाखाली पाहिलं, तर उडी मारणारा मित्र हवेत लख्ख थांबलेला. मागची तटबंदी मात्र पुसट, आणि एफ १६ च्या बारीक छिद्राला ती स्पष्ट यायला हवी होती. म्हणजे शटर खरं, लेन्स उघडीच राहिलेली. एफ २ ते एफ १६ म्हणजे सहा स्टॉप, दर स्टॉपला उजेड दुप्पट, म्हणजे चौसष्टपट उजेड.

धबधबा १/८ वर काढला होता. पात्या बटण दाबल्यावरच मिटायला लागतात; आळशी झाल्या असल्या, तरी तेवढ्या वेळात मिटतात. १/२५० ला त्या निघायच्या आधीच खेळ खलास. जुन्या शटरचं दुखणं बहुतेक वेळा उलटं असतं: सावकाश स्पीड बिघडतात, जलद बरे चालतात. १/३० ची एक फ्रेम तर अधलीमधलीच निघाली, दीड-दोन स्टॉप जास्त आणि मागचं अर्धवट स्पष्ट. पात्या मिटता मिटताच ती फ्रेम उघडी होती. ती पट्टी मी अजून ठेवून घेतली आहे.

मीटरची सुई मधोमध होती, म्हणजे उजेड बरोबर दाखवत होती, हे पोराचं म्हणणंही खरंच. हा कॅमेरा लेन्स पूर्ण उघडी ठेवून उजेड मोजतो आणि लेन्सवरची एफच्या आकड्यांची रिंग कुठल्या आकड्यावर आहे तेवढंच बघतो. पात्या खरोखर मिटल्या का, हे कळायची त्याला सोय नाही. व्ह्यूफाइंडरमध्येही कायम एफ २ चंच चित्र दिसतं.

लेन्स काढली, रिंग सोळावर ठेवली, मागची पट्टी दाबून सोडली. चटकन मिटायच्या पात्या रांगत आल्या, आणि त्यांच्यावर तेल चमकत होतं. फोकस रिंग जड झाली म्हणून कोणीतरी शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. पाऊसकाळात लेन्सला बुरशी धरते ती वेगळीच, पण हे माणसानं केलेलं. फोकसच्या आट्यांना घट्ट ग्रीस लागतं. पातळ तेल पाझरत पात्यांवर येतं. पात्यांना तर काहीच लावायचं नसतं, त्या कोरड्याच चालतात.

वरवर लायटरचं पेट्रोल सोडून भागत नाही, महिन्याभरात तेल परत येतं. पात्या सुट्या करून पुसल्या, आट्याही धुतल्या. आटे नेमके कुठं सुटतात तिथं आधी खूण करावी लागते, नाहीतर लांबचं फोकस जुळत नाही. पात्या परत बसवताना शेवटची पहिलीच्या खाली सरकवायची, इथंच संध्याकाळ जाते.

जुना कॅमेरा हाती आला की रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडा, लेन्स पांढऱ्या भिंतीकडे धरा, रिंग सोळावर, शटर १/६० वर, आणि मागून बघत दाबा. बारीकसं छिद्र लुकलुकलं तर ठीक. मोठा गोल दिसला तर लेन्स आधी दुरुस्तीला द्या.