बर्फ अंगात बाळगणारे मासे

कोल्हापूरकरांचे पहिले प्रेम मटणावर, हे उघड आहे. पण रत्नागिरी-मालवणकडून घाट चढून येणारी मासळीही इथे काही कमी खपत नाही. थर्माकोलच्या खोक्यात, बर्फाच्या चुऱ्याखाली दाबून ठेवलेला बांगडा मासेवाली बाहेर ओढते, कल्ला उचलून आतला लालभडक रंग दाखवते, आणि गिऱ्हाईक तरीही बोटाने पाठ दाबून खात्री करून घेते. माझे लक्ष मात्र माशापेक्षा त्या बर्फावरच अधिक रेंगाळते. बर्फ हा मेलेल्या मासळीचा सोबती, असे आपण धरून चालतो. परंतु पृथ्वीवर असेही समुद्र आहेत, जिथे जिवंत मासा जन्मभर बर्फाला खेटून राहतो आणि तरीही गोठत नाही.

अंटार्क्टिकातील मॅकमर्डो आखाताचे पाणी जवळजवळ वर्षभर उणे १.९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अंगच्या मिठामुळे समुद्र तेवढ्या थंडीपर्यंत द्रव राहू शकतो. माशाची गोष्ट वेगळी. बांगडा-सुरमईसारख्या सागरी माशांचे रक्त समुद्राच्या पाण्याहून बरेच कमी खारट असते, त्यामुळे ते उणे ०.८ अंशाच्या आसपासच गोठायला लागते. मग मॅकमर्डोमधले मासे जगतात कसे, हा प्रश्न १९६० च्या दशकात आर्थर डीव्हराइस या तरुण संशोधकाने धसास लावला. त्या माशांच्या रक्तात त्याला साखरेचे रेणू जोडलेली प्रथिने सापडली, आणि १९६९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले.

या प्रथिनांची करामत नीट समजून घ्यायची तर पॉट आइस्क्रीम आठवावे. लाकडी बादलीत बर्फ भरायचा, त्यावर मूठमूठ खडेमीठ टाकायचे, आणि मधला डबा हात दुखेपर्यंत फिरवायचा. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, तो निव्वळ संख्येच्या जोरावर: पाण्यात विरघळलेले कण जितके जास्त, तितका उतार जास्त. माशाने हाच मार्ग धरला असता तर त्याचे रक्त समुद्राइतके खारट करावे लागले असते. प्रथिनाचे रेणू आकाराने मोठे आणि संख्येने थोडे. मिठाच्या हिशेबाने त्यांचा परिणाम नगण्यच ठरायला हवा. प्रत्यक्षात तो त्या हिशेबाच्या कित्येक शे पट निघतो, कारण ही प्रथिने पाण्याच्या वाटेला जातच नाहीत, ती बर्फाला धरतात. बर्फाचा सूक्ष्म स्फटिक तयार झाला की त्याच्या पृष्ठभागावर ती जागोजागी चिकटून बसतात. मग स्फटिकाला वाढायचे तर दोन रेणूंमधल्या फटीतून फुगवटा काढूनच वाढावे लागते, आणि अशा वक्र पृष्ठभागावर आणखी पाणी गोठायला आणखी थंडी लागते. तेवढी थंडी त्या समुद्रात पडत नाही, म्हणून स्फटिक आहे तेवढाच राहतो.

म्हणजे बर्फ शरीरात शिरूच नये असा हा बंदोबस्त नाही. कल्ल्यांतून, गिळलेल्या पाण्यातून तो आत येतोच, आणि या माशांच्या प्लीहेत बर्फाचे कण सापडतातही. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटते ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली गोष्ट. बर्फाला चिकटलेली ही प्रथिने त्याची वाढ रोखतात, तशीच त्याला वितळूही देत नाहीत. नेहमीचा वितळणबिंदू ओलांडल्यावरही माशाच्या अंगातला बर्फ शाबूत राहतो. उन्हाळ्यात पाणी किंचित कोमट झाले, आता तरी सुटका होईल म्हणावे, तर तेही नाही. ज्या उपायाने जीव वाचवला त्यानेच हे ओझे कायमचे गळ्यात बांधले. निसर्गाच्या काटेकोर योजनेचे गोडवे गाणाऱ्यांनी या माशाकडे एकदा अवश्य पाहावे.

उपायाचा कच्चा मालही घरातलाच. अन्न पचवणाऱ्या एका पाचकरसाच्या जनुकाचा तुकडा घेऊन, त्याची पुनरावृत्ती करीत करीत अंटार्क्टिकातील माशांमध्ये हे नवे जनुक उभे राहिले, असे १९९७ मध्ये दिसून आले. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत जवळपास हुबेहूब तसेच प्रथिन आहे, आणि त्याचा उगम मात्र सर्वस्वी वेगळा आहे.

माणसाने ही युक्ती आइस्क्रीमसाठी उचलली. डबा फ्रीजरमधून वारंवार आत-बाहेर झाला, की त्यातले लहान स्फटिक विरून मोठे स्फटिक फुगतात आणि जिभेला कचकच लागते. अशा प्रथिनाची चिमूट ते थांबवते. युरोपात २००९ मध्ये त्याला परवानगी मिळाली. त्यासाठी मासा मारावा लागत नाही. ओशन पाउट नावाच्या माशाचे जनुक यीस्टमध्ये घालून प्रथिन तिथेच तयार करतात. हे सगळे मी आमच्या आत्याला समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ते सगळं खरं रे, पण श्रावणात चालतंय का?"