तगरीचं गोत

शाळेने मला काय दिलं, असं विचारलं तर मी तगरीचं झुडूप म्हणेन. पाण्याच्या टाकीशी ते बारमाही फुलायचं, म्हणूनच कुणी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नसे. नववीत जीवशास्त्राच्या बाईंनी एक अख्खा तास तिथेच घेतला.

बाईंनी पान खुडलं, तर देठातून पांढरा चीक ओघळला. "तो हात डोळ्याला लावायचा नाही," असं बजावून त्यांनी आम्हाला कळ्या वाटल्या. मिटलेल्या पाकळ्या एकाच दिशेने पिळलेल्या होत्या. उमललेलं फूल भिंगरीसारखं. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारच्या पाकळीवर चढलेली, दुसरी पलीकडच्या पाकळीखाली दडलेली. "आता हिचे भाऊबंद शोधा," म्हणाल्या.

सदाफुली लगेच सापडली. कण्हेरीवरून मात्र जुंपली, कारण तिची पानं समोरासमोर नसून तीन-तीनच्या फेऱ्यात येतात. बाई म्हणाल्या, "पानांवर भांडू नका, कळी बघा." कळी पिळलेलीच निघाली! हे सगळं करवीर कुल, म्हणजे वनस्पतींचं एकच घराणं. कण्हेर अंगोपांगी विषारी, हृदयाचे ठोके बिघडवणारी. तिच्याच कुळातल्या कुड्याची साल आवेवर देतात. सर्पगंधा याच घरातली. तिच्या मुळीचा उच्च रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला आणि मग जगाचं तिच्याकडे लक्ष गेलं. पुढे 1952 मध्ये त्या मुळीतून रेसरपिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं.

मला सर्वांत भावली ती सदाफुलीची गोष्ट. मधुमेहावरचं घरगुती औषध म्हणून कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर तिचा पाला तपासत होते. उंदरांची साखर काही उतरेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. दुसरा कुणी असता तर प्रयोग गुंडाळून ठेवता. यांनी त्याच धाग्यावरून 1958 मध्ये व्हिनब्लास्टीन या कर्करोगावरच्या औषधाचा शोध जाहीर केला. व्हिंक्रिस्टीन त्याचंच भावंड. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते आजही वापरतात. ढीगभर पाल्यातून चिमूटभर औषध निघतं.

पुढे मी औषधनिर्माणशास्त्राकडे वळलो, त्याचं मूळ टाकीपाशीच. रेसरपिन आता बरंच मागे पडलंय. त्याने काही रुग्णांचं मन खचायचं. व्हिंक्रिस्टीन टिकलं, पण ते फक्त शिरेतूनच द्यायचं. चुकून पाठीच्या कण्यात टोचलं गेलं तर रुग्ण दगावतो, म्हणून तशी ताकीद त्याच्या वेष्टनावर ठळक छापलेली असते.